शेंदराचा धोंडा

गुरुजी : ...आता डोळे मीट, प्रणाली. समज, तू मासा आहेस. महसीर. हातभर लांब, अंगावर रुपयाएवढे खवले. फाल्गुन सरला, नदी बारीक झाली. कुठं जाशील?

प्रणाली : शेंदराच्या धोंड्याच्या वर. देवाच्या डोहात. तिथं खोल हाये, पानी थंड रायते.

गुरुजी : आणि पावसाळ्यात?

प्रणाली : अजून वर, डोंगरात. गोट्यायमंदी अंडे घालाले. सर, मले येते हे सारं. डोळे उघडू?

गुरुजी : उघड. मग मला सांग, सात नंबर सहा दिवसांपासून जागचा का हलला नाही? वहीत सहाही दिवस तू ‘खालचा डोह’ लिहिलंस.

प्रणाली : थकला असन.

गुरुजी : सहा दिवस?

प्रणाली : माहा आबा थकते आठ-आठ दिवस.

गुरुजी : तुझे आबा तंबाखूची पुडी दिसली की उठून बसतात. चेष्टा नको. नदीत हे मासे मोजकेच उरले, म्हणून आरती मॅडम अमरावतीहून आल्या आणि सात जणांच्या पाठीला यंत्र लावून गेल्या. ते कुठं जातात, कुठं राहतात, ते कळावं म्हणून. लाव ती यंत्राचा आवाज पकडायची मशीन.

प्रणाली : ऐका. टक, टक. किती साफ येऊन रायला आवाज! पयले कसा, हंड्यात तोंड घालून बोलल्यावानी येत होता.

गुरुजी : साफ कधीपासून येतो?

प्रणाली : शनिवारपासून. मले वाटलं, मशीन सुधरली.

गुरुजी : तू पाण्यात बुडी मारलीस आणि मी हाक मारली, तर कशी ऐकू येते?

प्रणाली : दबून.

गुरुजी : डोकं वर काढलं की?

प्रणाली : साफ... सर, म्हंजे तो पान्याच्या बाहेर हाये?

गुरुजी : मला माहीत नाही. अँटेना फिरव, सावकाश. आजवर तू ती नदीकडेच धरत होतीस.

प्रणाली : मासा नदीतच रायते म्हनून.

गुरुजी : मीही तेच धरून चाललो. रोज तुझ्या वहीवर सही करत गेलो. फिरव.

(प्रणाली जागच्या जागी वळते. नदीकडे पाठ, गावाकडे तोंड.)

प्रणाली : इकडं मोठा येते.

गुरुजी : चल तर मग. आवाज जाईल तिकडं.

प्रणाली : चिंचेपाशी वाढला... पारापाशी अजून... सर, थांबा.

गुरुजी : काय झालं?

प्रणाली : ह्या गल्लीत तं आमचंच घर हाये.

गुरुजी : घरी कोण आहे आत्ता?

प्रणाली : कोनी नाई. आबा देवळात बसला. आई अन् कुंदनकाका वांगे घेऊन हिवरखेडच्या बाजारात गेले.

गुरुजी : मी ओट्यावर बसतो. तू आत जाऊन पाहा.

प्रणाली : ...भेटलं, सर. कोनाड्यात होतं, काकाच्या बिडीबंडलापाशी. तार वाकली.

गुरुजी : शनिवारी काय जेवलात तुम्ही?

प्रणाली : मासोळी. काकानं आनली होती. मी शिकवनीहून आली तवा कापून झाली होती. मी दोनदा घेतली.

गुरुजी : यंत्राबद्दल काका काही बोलला नाही?

प्रणाली : काका काई बोलत नाई. कामाचं दिसलं का कोनाड्यात ठेवते.

गुरुजी : त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही. धोंड्याच्या वर देवाचे मासे, तिथं कोणी जाळं टाकत नाही. धोंड्याच्या खाली सगळ्यांची मासोळी. माझ्या आजोबांच्या वेळेपासून हेच.

प्रणाली : पन मासा तं तोच.

गुरुजी : त्याला धोंडा कुठं माहीत? मला एवढंच कळत नाही, पाणी उतरत असताना तो खाली आला कशाला? खाली उथळ, वरून ऊन... प्रणाली? इकडं पाहा.

प्रणाली : फुटान्यासाठी.

गुरुजी : कोणत्या फुटाण्यासाठी?

प्रणाली : देवाच्या डोहात लोक फुटाने टाकते नं, तर ते मासे हातातून खाते. मी रोज थोडे थोडे खाली टाकत आली. वर चढाले अर्धा घंटा लागते, सर. शाळेले उशीर होते. तो खालीच आला म्हंजे आवाज लवकर भेटते.

गुरुजी : कधीपासून?

प्रणाली : शिवरातीपासून.

गुरुजी : रडायचं असेल तर रड. मी आहे.

प्रणाली : येऊन नाई रायलं. काईच नाई वाटून रायलं.

गुरुजी : बरं. बस इथं... एकटा तोच येत होता?

प्रणाली : चार नंबरबी येते. अन् दोन बिननंबरचे.

गुरुजी : वही काढ.

प्रणाली : काय लिवू?

गुरुजी : रोज जे लिहितेस तेच. रकाने पाहून.

प्रणाली : सात नंबर. ठिकान, आमचं घर. पान्याची खोली... पानी नाई. तळ? इथं वाळू नाईतर खडक लिवा लागते.

गुरुजी : कसा आहे तळ?

प्रणाली : शेनानं सारवलेला.

गुरुजी : मग तसंच लिही. शेऱ्यात?

प्रणाली : फुटाने. कोनी टाकले तेबी लिवलं.

गुरुजी : दे इकडं. त्याच्याखाली माझी सही... ही फुटाण्यांची पुडी विसरलीस.

प्रणाली : राहू द्या. आजपासून नाई टाकत. पन चार नंबर आज येईनच ना खाली?

गुरुजी : येईल. सवय मोडायला आठ-दहा दिवस जातील.

प्रणाली : काका उद्या जाळं घेऊन जानार हाये.

गुरुजी : मी बोलतो त्याच्याशी.

प्रणाली : काका आयकन. अन् बाकीचे?

गुरुजी : अगं, कुठं चाललीस? ऊन केवढं झालं!

प्रणाली : खालच्या डोहाच्या खाली एक धोंडा हाये. बैलाएवढा. सर, शेंदूर दुकानात भेटते, का देवळातलाच लागते?