कानबाईच्या रविवारी मायग्रेशन

…नाही, पण मला एक सांगा, ज्या रविवारी अख्खा खानदेश आपापल्या घरी कानबाईदेवीपुढे बसतो, त्याच रविवारी मी एकट्यानं जळगावच्या ऑफिसात, स्वेटर घालून, टेपा का बदलत बसायचं? श्रावणात स्वेटर! आमच्या सहकारी महासंघाच्या मेनफ्रेमला, त्या खोलीभर कॉम्प्युटरला, गारवा लागतो, माणसाचं काय व्हायचं ते होवो.

तुम्हाला सांगतो, मशीन तेच ठेवायचं होतं, फक्त आतली ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची. म्हणजे कुठलं काम आधी, कुठलं मागून, कुठली टेप वाच, हे मशीनला सांगणारी जी असते ना, ती. घर तेच ठेवून कारभारीण बदलल्यासारखं, मिठाचा डबा कुणाला सापडत नाही. मॅनेजर चौधरीसाहेब म्हणाले, "लोटनभाऊ, तुमची धुळ्याला बदली झालीच समजा. एवढं होऊ द्या, मग तुम्ही मोकळे."

आता बायको धुळ्याला, पोरं धुळ्याला, आई धुळ्याला, आणि मी इथं खाणावळीत वांगी खातोय… केला प्लॅन. कुठला प्रोग्राम आधी हलवायचा, फसलं तर जुन्यावर परत कसं यायचं, सगळं. मागणी एकच, मशीन सलग दोन दिवस मोकळं द्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला मागितलं, तर साहेब, "लग्नसराई आहे हो." दिवाळीला, "बोनसचं काम आहे." मार्चमध्ये तर नावच काढू नका. मग कापसाचा हंगाम, मग संचालकांची निवडणूक… शेवटी साहेबांनाच सुचलं, "कानबाईचा रविवार घ्या की, सोमवारी विसर्जन, ऑफिसात चिटपाखरू नसतं."

चिटपाखरू नसतं, कबूल. पण त्या चिटपाखरांत मीही होतो ना? साहेब हात जोडून म्हणाले, "मी थांबलो असतो हो, पण आमच्याकडे कानबाई मोठी असते. एवढं होऊ द्या, मग तुम्ही मोकळे." आमच्याकडची काय लहान असते?

पहिल्या साली दुपारीच लाइट गेली, जनरेटरची किल्ली ज्याच्याकडे तो रावेरला, कानबाईचे रोट खायला. दुसऱ्या साली सगळं चाललं, पण नव्या सिस्टीमवर अहवालाचा समास बोटभर सरकला, तर अध्यक्ष म्हणाले, "आमची सही कुठे बसणार? परत जुनं घाला." घातलं. आमच्यात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, त्यांचे नैवेद्याचे रोट घरच्यांनीच संपवायचे, बाहेरच्याला घासभरही नाही. दोन्ही साली माझ्या वाटचा तसाच राहिला.

यंदा झालं. सोमवारी संध्याकाळी पगारपत्रक नव्या सिस्टीमवर निघालं, समास जागच्या जागी. मंगळवारी साहेबांनी पेढा भरवला. म्हटलं, साहेब, बदलीचं? साहेबांना तर आश्चर्यच वाटलं. "अहो, ही नवी सिस्टीम तुमच्याशिवाय येते कुणाला? तुम्हाला सोडलं तर आम्ही काय करायचं? दुसरा माणूस तयार करा, एवढं होऊ द्या, मग…"

पुढचं मला पाठ आहे.

तोंडात तोच पेढा घेऊन धुळ्याला फोन लावला, आमच्या घराशेजारच्या किराणा दुकानात. आई आली. म्हटलं, आई, काम झालं, उद्या येतो, माझ्या वाटचा रोट ठेव. पलीकडे दुकानातला तराजू खणखणत होता. ती म्हणाली, "भाऊ, दर साल तुना वाटाना रोट गायले द्यावा लागस. यंदा तुना नावना गहूच मोजात नही."

तिचंही बरोबरच आहे हो, दर साल गाईला घालायला गहू काय फुकट येतात? पेढा गिळला, फोन ठेवला… जळगाव काही सोडत नाही, पण धुळ्यातून तरी मी मोकळा झालो.