फोनला काय तोंड हाय?

दुसऱ्याच्या बोलण्यात मी नाक खुपसत नाही. पण पौडच्या स्टँडवर कोळवणच्या गाडीची वाट बघत दोघी बहिणी माझ्या खांद्याला खांदा लावून बोलत होत्या, तर कान काय पदरात बांधून ठेवू?

“कमळे, रूपालीचं स्थळ मोडलं कशानं?”

“फोननं, अक्का.”

“फोन काय पाव्हण्यांशी बोलला व्हय?”

“बोललाच की. पोराच्या आईला रूपालीच्या भजनाचा व्हिडिओ लावून दिला, तर आदी कोडाच्या मलमाची जाहिरात. दुसरं भजन लावलं, तरी तीच. बाई चहा तसाच ठेवून उठली.”

“पण कोडाची जाहिरात तुज्याच फोनवर कशी?”

“मीच फोनला इचारलं हुतं, पांढऱ्या डागावर औषध काय म्हणून. दार लावून, हळू आवाजात.”

“डाक्टर मेले हुते काय?”

“डाक्टरकडं गावातली चार माणसं बसल्याली असत्यात. म्हनलं, फोनला काय तोंड हाय?”

“पोरीला डाग हाय, हे मला तरी सांगायचंस!”

“पोरीला न्हाई गं. माझ्या पाठीवर हाय.”

“मग तसं सांगायचं की त्यास्नी!”

“आईला कोड हाय म्हणल्यावर लेकीला कोन करतंय?”

“आन् रूपाली काय म्हनती?”

“तिला बी ठाव न्हाई. पाव्हणं गेल्यापासनं आरशापुढं उभी राहून सवताच्या आंगावर डाग हुडकती.”

“आगं, सांग तिला!”

“सांगीन. लगीन झालं की सांगीन.”