राक्षसाची लेक

बुवा : झांज परत करतोस? मला? अरे दादू, बारा वर्षं माझ्या पाठीशी उभा आहेस तू. देवरूखच्या उत्सवात उद्या धृपद कोण धरील? पेटीवाला? त्याचा आवाज ऐकून देव गाभाऱ्यातून उठून जाईल.

दादू : कोणपण धरील, बुवा. मी येणार नाय.

बुवा : ताप आहे का?

दादू : ताप असता तर मफलर गुंडाळून आलो असतो.

सगुणा : अहो, मोटार सुटायची वेळ झाली आणि तापाचं काय विचारता? देवरूखास राही दिलीय त्याची. लेकीच्या गावी जायला बापाचा पाय का अडतो, ते विचारा.

बुवा : तेच म्हणतो मी! सासरची माणसं पुढं बसलेली आणि बाप कीर्तनात उभा, याहून भाग्य कोणतं?

दादू : माघातपण पुढंच बसले व्हते, संगमेश्वरास. तुम्ही त्या दिवशी गाडाभर भात खाणाऱ्या राक्षसाचं आख्यान लावलंत.

बुवा : काय रंगलं होतं!

दादू : रंगलं. चिपळी माझ्या पोटाकडं करून तुम्ही म्हणालात, ‘राक्षस बघायला पुराणात कशाला जाता, मी बरोबर घेऊन फिरतो.’ सगळं देऊळ हसलं. मीपण हसलो. नेहमी हसतो.

बुवा : अरे, ती विनोदाची जागा. माणूस हसला की मनाची माती भुसभुशीत होते, मग त्यात नाम पेरायचं. माझ्या गुरूंनी हेच शिकवलं मला. तुला लागत होतं तर बारा वर्षांत एकदा बोलायचं होतंस.

दादू : देवाच्या दारात चाललंय, चालू दे म्हटलं. माझ्या अंगाला हसून चार माणसं नामाला लागतात, तर तीपण सेवाच. पण बुवा, तेवापासून राहीला सगळी आळी ‘राक्षसाची लेक’ म्हणते. लग्नात मला सगळ्यांनी बघितलंच व्हतं, कोण काय बोललं नाय. तुम्ही बोललात, मंग सगळ्यांना तोंड फुटलं.

बुवा : विसरतील रे आठ दिवसांत.

दादू : तीन महिने झाले. विहिरीवर बायका हसतात, म्हणून सासू घरात तिचा भात मोजते. मुठीनं. ‘बापावर गेलीस तर दार रुंद करावं लागेल,’ म्हणते.

सगुणा : अगो बाई! आणि तिला पाचवा ना?

दादू : सहावा लागला, वयनी. काल तिच्या आळीतला केरू आला तिचा निरोप घेऊन. ‘बाबा, यंदा तू येऊ नको.’ एवढाच.

बुवा : शिव शिव. पण दादू, रागावू नकोस हो. तूसुद्धा जरा बेतानं जेवला असतास, तर ही पाळी…

सगुणा : थांबा. बारा वर्षं दोघांची पानं मी वाढते. तो दोन मुदी भात घेतो नि वर ताक. तुम्ही चार घेता, शिवाय भाकरी. कधी बघितलंत शेजारच्या पानात?

दादू : जाऊ दे, वयनी. माझा बा असाच व्हता, आजापण. उपास करून उतरलं असतं तर कधीच उतरलं असतं. एका चातुर्मासात एकवेळ जेवून राहिलो. शेवटी झांज हातातनं गळाली, अंग हाय तसंच.

बुवा : मी जातो तिच्या घरी. पहिलं बाळंतपण माहेरचं. इकडे घेऊनच येतो तिला.

दादू : मी गेलो व्हतो मागायला. ‘तुमच्या घरात फुगून येईल,’ म्हणाले. व्याही दारातच उभा राहिला.

बुवा : तर मग भर कीर्तनात सांगतो! नारदाच्या गादीवरून सांगतो की, या दादूसारखा निर्मळ माणूस…

दादू : नको, बुवा. तुमच्या तोंडातनं माझं नाव निघालं की माणसं हसतात. तुम्ही पुढं काय बोलता, ते ऐकायला थांबत नायत.

सगुणा : ऐकलंत? पेरलंत ते हे उगवलं.

बुवा : आजवर वाटायचं, हे तोंड फक्त नामाला वाहिलंय… दादू, ते आख्यान मी पुन्हा लावणार नाही.

दादू : नका लावू. पण तेवढ्यानं राहीचं पोट भरायचं नाय. ही पुरचुंडी नेता? तिच्या आयशीनं नाचणीचे लाडू केलेत, गूळ घालून. मी दिले तर सासू फळीवर चढवील. तुम्ही प्रसाद म्हणून द्या. प्रसादाला नाय म्हणायची त्यांची छाती नाय.

बुवा : देवापुढं ठेवून खराच प्रसाद करतो. खोटं नको. पाच दिवस, रोज आरती झाली की तिच्या हातावर एक.

सगुणा : आणि हा प्रसाद देवळातच खायचा, घरी न्यायचा नाही, असं सासूच्या कानावर पडेल असं सांगा. खणखणीत.

दादू : ती खाईस्तोवर तिथंच थांबा, बुवा.

बुवा : थांबतो. अगदी समोर उभा राहतो.

दादू : समोर नको. जरा बाजूला, देवाकडं तोंड करून. ती खाताना तिच्याकडं कुणी बघू नये.