चालू राहिलेला माइक

लस घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे कॉलेजातली एक मुलगी होती आणि तिच्यापुढे एक मुलगा. दोघांच्या तोंडावर मास्क.

"आई, ओरडू नकोस गं! रांगेतच आहे मी. ठेव फोन."

"अगं, तू आमच्या ऑनलाइन वर्गातली ना? आवाज ओळखला."

"माझा? मी वर्गात कधी तोंडच उघडलं नाही!"

"तुझा नाही, आईंचा. आत्ता फोनबाहेर ऐकू आला. तू सकाळच्या तासाला हजेरी लावून परत झोपायचीस, आणि माइक चालूच."

"अरे देवा! सगळ्यांनी ऐकलं?"

"साठ जणांनी. सर तर 'उठ गं, ऊन डोक्यावर आलं' झाल्याशिवाय शिकवायला सुरुवातच करायचे नाहीत."

"धरणी पोटात घेईल तर बरं. नशीब, नंतर माइक बंद करायला शिकले."

"कसलं नशीब! तेव्हापासून माझं सगळं बिघडलं."

"तुझं काय बिघडलं?"

"हॉस्टेलच्या अख्ख्या मजल्यावर मी एकटा उरलो होतो. आई ओरडल्या की मी उठायचो. 'अंथरूण काय मी काढू?' म्हणाल्या की अंथरूण काढायचो. एकदा तर 'आलो, आलो' म्हणालो."

"चल, काहीतरीच!"

"शपथ."

"आणि आता?"

"आता दुपारी उठतो. कधीकधी तेही नाही."

"नंबर सांग तुझा."

"कशाला?"

"उद्या सकाळी सातला आईचा फोन येईल."

"अगं, पण मी त्यांच्याशी बोलू काय?"

"बोलायचं काही नाही. मुकाट्यानं ऐकून घ्यायचं."