कोपरा कापलेलं पाकीट

प्राचार्य साहेब, मंडळाचे अण्णा, भाभी, सरांचे विद्यार्थी आणि गावागावांतून आलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनो,

या हॉलमध्ये खुर्च्या मांडायचं काम माझं. सभा सुरू झाली की मी मागं, दाराशी उभा राहतो. इथं पुढं येऊन बोलायची ही पहिलीच वेळ, आणि ती मुलाणी सरांच्या शोकसभेत यावी, हे मला नको होतं. मी कॉलेजचा टायपिस्ट. अकरावीला दोनदा बसलो, दोनदा राहिलो. बोलताना अडखळतो, म्हणून लिहून आणलंय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आणखी एक. मी मधूनमधून घड्याळाकडं बघेन. राग मानू नका. आता साडेतीन झालेत. वडूजचं टपाल पाचला निघतं. त्याचा आणि सरांचा काय संबंध, ते सांगायलाच मी उभा आहे.

सर भूगोल शिकवायचे. पण गेली तीन वर्षं त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. आपल्या कला महाविद्यालयातल्या मुलांना जग कळलं पाहिजे. नुसतं नकाशातलं नव्हे. परदेशातल्या एखाद्या कॉलेजचे दोन विद्यार्थी इथं यावेत, एक सत्र राहावेत. नंतर आपले दोन तिकडं जावेत. ती योजना मी सात वेळा टाइप केली. प्रत्येक वेळी सर नवीन काहीतरी घालायचे, आणि मी पहिल्या पानापासून पुन्हा सुरू करायचो.

अण्णा, तुम्हाला आठवत असेल. मंडळाच्या बैठकीत तुम्ही म्हणालात, "सर, आपल्या पोरांना साताऱ्याला जायला एष्टीत जागा मिळंना, आन् तुमी अमेरिकेचं काय काढलंय?"

सर म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, अण्णा. आपल्याला एष्टी मिळत न्हाई, तर जगालाच हिकडं बोलवू."

सगळे हसले. तुम्हीसुद्धा हसलात, आणि त्या हसण्यातच मंजुरी दिलीत.

सरांनी कॉलेज निवडलं तेही कसं? मोठं नाही, नावाजलेलं नाही. मक्याच्या शेतांमधलं, खेडेगावातलं. मला म्हणाले, "त्यांचा मका, आपली ज्वारी. पोरांना बोलायला इषय पुरंल."

शनिवारचा वर्ग त्यांनीच सुरू केला. कुणी शिकवायचं? आपल्या पेन्शनर फौजींनी. कुणी इटली बघितलेली, कुणी ब्रह्मदेश, कुणी मिसर. सर म्हणायचे, या तालुक्यात प्राध्यापकांपेक्षा शेतकऱ्यांनी जास्त देश बघितलेत, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. हवालदार आबा, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसलाय. तुम्ही इटलीतल्या द्राक्षांच्या मळ्याबद्दल सांगितलंत, तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढं येऊन बसली.

मग पाहुण्यांसाठी घरं शोधायची होती. वसतिगृहात नको, घरात राहू देत, हा सरांचा हट्ट. दोन सायकली, एक वही. पाच घरांनी होकार दिला. आबांच्या आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "आवं सर, ती पोरगी आमची भाकर खाईल, खाऊ दे. पर आमची नात तिच्या दारात गेली, तर तिची आय वाढंल का जेवाय?"

सरांनी वही मिटली. परत येताना वाटेत सायकल थांबवून म्हणाले, "पहिलं कलम बदल. म्हातारी बोलली तेच घाल. आपण वाढायचं आणि आपणही जेवायला जायचं. एकाच बाजूनं असलं तर त्याला शिक्षण म्हणत न्हाईत, उपकार म्हणतात." सातव्यांदा टाइप केलं ते त्यामुळं.

योजना गेली. उत्तर येईना. तेवढ्यात सरांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना मिरजेला नेलं.

आता जे सांगायचंय, ते मी सरांच्या घरी, भाभींनाही सांगितलेलं नाही.

सर मिरजेला गेले त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर परदेशी पाकीट आलं. सरांच्या नावाचं. आणि त्याचा वरचा कोपरा नव्हता.

मंडळी, कोपरा नसलेलं पत्र म्हणजे काय, हे इथं कुणाला सांगायला नको. कुणीतरी गेल्याचं पत्र. असलं पत्र आपण घरात घेत नाही, आणि आजारी माणसाच्या हातात तर कधीच देत नाही. माझ्या मनात आलं, तिकडचे ते प्राध्यापक, जे सरांना पत्रं लिहायचे, ते वारले. सरांच्या काळजाला हे सोसणार नाही. पाकीट सरांच्या नावाचं, म्हणून मी ते फोडलं नाही. आतही घेतलं नाही. व्हरांड्यात, कौलांच्या फटीत खोचून ठेवलं.

मी तीनदा मिरजेला गेलो. तिन्ही वेळा सरांनी तेच विचारलं.

"पत्र आलं का रं?"

तिन्ही वेळा मी म्हणालो, "न्हाई, सर."

तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "येईल. लांबचं हाय." आणि मलाच धीर दिला.

सर गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी ते पाकीट काढून प्राचार्य साहेबांना दिलं. साहेबांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. कुणी वारलं नव्हतं. तिकडच्या कॉलेजनं होकार कळवला होता. येत्या जूनमध्ये दोन मुली येतील, राहायची दोन घरं कळवा.

मग कोपरा? आपले शिपाई तात्या पुढं आले. त्यांना तिकिटं जमवायचा नाद. म्हणाले, "लय झ्याक तिकीट व्हतं, त्येच्यावर पाखरू व्हतं. मी कातरीनं कोपराच कापून घेतला. तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं की!"

तात्या, मान वर करा. तुमचा दोष नाही. मी विचारलंच नाही. परदेशात मृत्यूची बातमी कोपरा फाडून कळवत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. सरांना ठाऊक होतं. पाकीट हातात घेऊन ते हसले असते. मंडळी, सर जे शिकवायला निघाले होते, ते मला आलं असतं, तर सरांना त्यांचं पत्र मिळालं असतं. किती दिवसांत मला नीट झोप नाही. एवढं एकच वाक्य डोक्यात फिरतं.

तुमच्याकडं क्षमा मागायला मी आलेलो नाही. ती ज्यांच्याकडं मागायची ते राहिले नाहीत. भाभी, तुमच्याकडं मात्र मागतो.

पण काम राहिलंय. घरांची नावं या महिन्याअखेर तिकडं पोचली पाहिजेत. पत्र जायला दोन आठवडे धरले, तर आजचं टपाल शेवटचं. परवापासून मी सायकलवर त्या पाचही घरी जाऊन आलो. पाचही घरी चहा मिळाला आणि एकच उत्तर. "सर व्हते तवा येगळं व्हतं." मी कुणाला दोष देत नाही. सरांचा शब्द म्हणजे सरांचा शब्द. टायपिस्टाचं कोण ऐकणार?

काल आईला विचारलं. आमच्या दोन खोल्या. आई म्हणाली, "आपल्याकडं? तुझं डोस्कं फिरलंय का रं?" थोड्या वेळानं चुलीपासूनच म्हणाली, "तिला आंघुळीला ऊन पानी लागंल न्हवं?" मी ते होकार समजलो.

साहेबांनी उत्तर तयार केलंय. मी ते टाइप केलंय, एकही खाडाखोड नाही. पहिल्या घराच्या ओळीत माझ्या आईचं नाव आहे. दुसरी ओळ कोरी आहे. ती भरली नाही तर साहेब पत्र पाठवणार नाहीत. एकट्या मुलीला परक्या मुलखात बोलवायचं नाही, असं ते म्हणतात, आणि ते बरोबर आहे.

चार वाजायला आलेत. आता आपण सरांसाठी दोन मिनिटं उभे राहू या. त्यानंतर मी माझ्या जागी जाईन, दाराशी. टाइपरायटर तिथंच स्टुलावर ठेवलाय, कागद त्यात चढवलेला आहे. ज्यांना आपलं घर द्यायचं त्यांनी जाता जाता फक्त नाव सांगा.

सर, तुम्ही तीनदा विचारलंत. मी चुकीचं उत्तर दिलं. आज सगळ्यांसमोर बरोबर देतो.

आलंय, सर. पत्र आलंय.

उभे राहू या.