मावशींना सगळं पुन्हा सांगावं लागायचं

मंडळी, नमस्कार. जानकीपुरममधून, गोमती नगरमधून, छावणीतून, सगळे वेळ काढून आलात. माझ्या आधी जे बोलले ते शिकलेले लोक. त्यांनी मावशींना कॉलेजात पाहिलंय. मी आठवी शिकलेला. मला उभं राहून बोलायची सवय नाही आणि बसून राहायचीही नाही. मघापासून माझी खुर्ची वाजतेय, पुढच्यांनी ऐकलंच असेल. मावशी असत्या तर म्हणाल्या असत्या, "बस रे प्रकाश, भट्टी पेटलेली नाहीये."

मी प्रकाश, विट्याकडचा. इथे चौकातल्या सराफ्यात माझ्या मामांचं गलाईचं दुकान आहे. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायची, हे आमचं काम. अकरा वर्षं झाली.

मावशी दुकानात आल्या त्या एक मोडकं चांदीचं फुलपात्र घेऊन. मी हातात धरलं आणि हिंदीत म्हणालो, यात तांबं बरंच आहे. त्या स्वतःशीच मराठीत पुटपुटल्या, "याला कसं कळलं मेल्याला?" मी हसलो. तिथून ओळख.

त्यांनी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेलं. मी हाताने करतो त्या प्रत्येक गोष्टीला त्यांच्या पुस्तकात नाव होतं. एक दिवस म्हणाल्या, तू जे करतोस ते मुलं डिप्लोमाच्या वर्गात शिकतात, मग तू ते पुन्हा का शिकायचं? एक संस्था आहे म्हणाल्या, आधीचं काम तपासते आणि त्याचे श्रेयांक देते, डिप्लोमाचे तेवढे विषय माफ. फॉर्म त्यांनीच भरला. मी दुकानाच्या माळ्यावर झोपतो, म्हणून पत्ता त्यांचा घातला. हे ध्यानात ठेवा.

मुलाखत झाली. तिघं बसलेले. सभ्य माणसं. विचारलं, चांदी शुद्ध झाली हे कसं ओळखता? मी म्हणालो, अंदाज से. शिसं किती घालता? जितना लगे. तेजाब, म्हणजे अ‍ॅसिड, कसं तयार करता? उस्ताद जानते हैं. त्यातल्या बाईंनी तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं. मी तीन वेळा म्हणालो, उस्ताद जानते हैं.

मला येत नव्हतं का? सगळं येत होतं. पण आमच्यात पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. मामांनी मला सांगितलेलं, "भट्टीपाशी हात चालवायचा, तोंड नाही." आज सांगितलं की उद्या शेजारी दुसरी भट्टी. अकरा वर्षांत मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. समोर साहेब बसले म्हणून तोंड उघडेल होय?

बाहेर आलो आणि मावशींना खोटं बोललो. म्हणालो, छान झालं, निकाल कळवतील.

मग त्या दर रविवारी बोलवायला लागल्या. आधी मी कधीमधी जायचो. आता दर रविवारी. आणि विचारायच्या काय? "शिसं कशाला घालायचं म्हणालास?" सांगितलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. पुन्हा सांगितलं. मला वाटलं, वय झालं, विसरतात. मामांना मी म्हणालोसुद्धा की मावशींचं डोकं चालेना. लाज वाटते आज ते सांगताना.

एकदा म्हणाल्या, "म्हणजे तेजाबात पाणी ओतायचं." मी खुर्चीतून उडालो. "मावशी, मराल! आधी पाणी, मग त्यात तेजाब, थोडं थोडं." त्या शांतपणे चहा ढवळत राहिल्या. म्हणाल्या, "बरोबर. फक्त ओरडू नकोस. बाकी असंच सांग."

असंच सांग. कुणाला सांग, हे मला तेव्हा सुचलं नाही.

बुधवारी मावशी गेल्या. काल त्यांची नेहा मला म्हणाली, "भैया, मम्मी की अलमारी में आपका कुछ है." दोन कागद होते. पहिलं संस्थेचं पत्र, होळीनंतरचं. एकही श्रेयांक दिलेला नाही. मावशींच्याच पत्त्यावर आलेलं. माझं रविवारचं बोलावणं त्याच आठवड्यात सुरू झालेलं.

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. माझं खोटंही. एका शब्दानं बोलल्या नाहीत. तीस वर्षं शिकवलेल्या बाई माझ्यासमोर काही न कळणाऱ्या झाल्या, पुन्हा पुन्हा, मी बोलायला शिकावं म्हणून.

दुसरा कागद फेरतपासणीच्या अर्जाचा. अक्षर त्यांचं, सही माझी. सह्या कर म्हणाल्या की मी करायचो, वाचायचो कुठे? वर संस्थेनं दिलेली नव्या मुलाखतीची तारीख, सोमवारची. परवाची.

रात्रीपासून मला एका जागी बसवत नाहीये. जावं, तर मामांचा शब्द मोडतो. न जावं, तर हे सगळे रविवार पाण्यात.

मामा, तुम्ही मागे दाराशी उभे आहात, दिसताय मला. तुमच्या पाठीमागे नाही, तुमच्या तोंडावर सांगतो. मी सोमवारी जाणार आहे. विचारतील ते सांगणार आहे. तुम्ही हे काम माझ्या हातात घातलं म्हणूनच मला कुणी विचारतंय. आणि चांदी कधी उचलायची हे ऐकून कुणाला जमत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत?

मंडळी, आता उभे राहू या. किती वेळ, ते मी माझ्या कामातलं सांगतो. राखेच्या वाटीत चांदी तापते, शिसं राखेत जिरतं, मग वरती रंग फिरायला लागतात. शेवटी एकदाच लख्ख चमकते आणि निवांत होते. आधी उचलली तर कच्ची राहते. तेवढा वेळ मी हलत नाही. दिवसात तेवढाच.

मावशींसाठी तेवढंच उभे राहू. झालं की मी सांगतो. मला कळतं ते.