डोकं पाण्यात, शेपट्या हवेत

“हॅलो? …हां धवल, बोल. …मुलगी? अरे वा! …रडतोस का रे?”

सुनेत्राआत्या गोत्रीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये मेथी निवडत बसल्या होत्या. भाच्याचा आवाज ऐकून त्यांनी परात बाजूला सारली.

“एकतिसाव्या आठवड्यातच? …आणि कोमल? …शुद्धीवर आहे ना, मग झालं. …काय म्हणाले डॉक्टर? सावकाश सांग. …बाळाच्या फुफ्फुसात चरबी सोडणार? आणि तुझी सही हवीय. …नाही रे, गुदमरेल कशी! अरे ऐक ना… ऐक तर खरं!

“ती तुपासारखी चरबी नव्हे. फॉस्फोलिपिड म्हणतात तिला. …हो, हो, कागदावर लिहिलंय तेच. तिच्या प्रत्येक कणाला एक डोकं नि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्या पाण्यापासून पळतात. …अरे, तुझ्या-माझ्या प्रत्येक पेशीचं आवरण त्याचंच! दोन थर, शेपट्या आत तोंड करून, डोकी दोन्हीकडच्या पाण्याकडे. …हां, फुफ्फुसात मात्र एकच थर. डोकं ओलाव्यात, शेपट्या हवेत. …कशाला म्हणजे? प्लास्टिकची ओली पिशवी कशी चिकटून बसते, उघडता उघडत नाही? तसे बाळाच्या फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे श्वास सोडला की मिटतायत. हा थर असला की मिटत नाहीत. लवकर आलेल्या बाळाकडे तो पुरेसा नसतो, बस.

“धोका? …थोडा असतोच. खोटं नाही सांगणार. पण डॉक्टर समोर असतात. मी तिथे असते तर सही केली असती. …हो. …कर. फोन चालू ठेव.”

मग नुसती खरखर. दूर कुठेतरी यंत्राची टिकटिक. तीस वर्षं आत्यांनी शाळेच्या फळ्यावर ती दोन शेपट्यांची आकृती काढली होती. ती बरोबर असावी, असं इतकं मनापासून त्यांना आज पहिल्यांदाच वाटलं. त्या मेथीची एकच काडी बोटांत फिरवत राहिल्या.

“…हां, हां, आहे मी! दिलं? …काचेतून दिसतंय का तुला? …नर्सबेन काय म्हणतात? …ऑक्सिजन साठ टक्के लागत होता, आणि आता? …पस्तीसच पुरतोय! …छाती नीट वर येतेय? …नाही रे, मी कुठे रडतेय. …हो, अजून जपावं लागेलच, चार दिवस डोळ्यात तेल घालून. …अरे, मला काय सांगत बसलास? कोमलला सांग जा आधी! …येते, संध्याकाळी डबा घेऊनच येते. …जा. ठेव आता. …ठेव म्हणते ना!”

तो ठेवेना, म्हणून मग आत्यांनीच ठेवला.